खळ्यातली मेढ

सप्टेंबरच्या शेवटी रिषभ आमच्या घरी आला आणि म्हणाला, काका, तुमचं खळं आम्हाला अर्ध्या दिवसासाठी द्या.

रिषभ म्हणजे नवापूरच्या उत्तमचंद शेटजींचा नातू. माझ्या वडिलांच्या वेळेपासून आमचं भात त्यांच्याच दुकानात जातं. हा मुलगा मुंबईला एका कंपनीत आहे, कार्यक्रम भरवण्याचं काम करतो, एवढं मी ऐकून होतो. आमच्या गावात तो कधी आलेला नव्हता. आला तो मोटारसायकल लांब उभी करून चिखलातून चालत आला. दिलेला चहा प्यायला, आणखी हवा का विचारल्यावर हो म्हणाला. हन्नाबद्दल ऐकून वाईट वाटलं, असंही म्हणाला. तेव्हाच मी सावध झालो.

हन्ना माझी बायको. ती जूनमध्ये गेली. कावीळ झाली होती. आधी नवापूरला नेलं, मग सुरतेला नेलं, आणि सुरतेहून परत आणलं ते पुरायलाच. त्या वेळी वाफ्यात भाताचं रोप वर आलं होतं. रोप काही आपल्यासाठी थांबत नाही. शेजारच्या रंजनाबाईने बायका गोळा केल्या आणि माझ्या शेतात लावणी करून टाकली. मी बांधावर बसून होतो.

रिषभने सांगितलं ते असं. अमेरिकेत बास्केटबॉल खेळणारे मोठे पगारी संघ आहेत. त्यांचा हंगाम ऑक्टोबरच्या शेवटी सुरू होतो. त्याआधी त्यातले काही संघ दुसऱ्या देशांत जाऊन सामने खेळून दाखवतात. यंदा दोन संघ मुंबईला येणार होते. मी विचारलं, जिंकेल त्याला काय मिळतं? तो म्हणाला, काही नाही. हरेल त्याचं काय जातं? काही नाही. हे सामने मोजतच नाहीत, तो म्हणाला, सरावाचे असतात.

हे मला पटलं नाही. शेतीची कामं नसली की मी सुरतेकडे बांधकामावर जातो. तिथे एक मजूर या साइटवरून त्या साइटवर न्यायचा तरी ठेकेदार दहादा विचार करतो. आणि इथे एवढ्या मोठ्या पगाराची माणसं अर्ध्या जगावरून विमानाने आणायची, जे मोजायचंच नाही ते खेळायला. मला वाटलं, खरं कारण दुसरं काहीतरी असणार आणि ते आपल्याला कोणी सांगणार नाही. मी रिषभला तसं बोललो नाही. तोच पुढे बोलत राहिला.

मुंबईचे सामने झाले की त्यातले काही खेळाडू एक दिवस गावाकडच्या मुलींबरोबर खेळणार होते. त्याचं चित्रीकरण होणार होतं. आमच्या गावाजवळ मिशनचं मुलींचं वसतिगृह आहे. माझी मुलगी रिबेका तिथे शिकवते, तिथेच राहते, आणि मुलींचा बास्केटबॉलचा संघही तीच सांभाळते. पण वसतिगृहाचं मैदान उतारावर आहे आणि पावसाने ते उखडलं आहे. आमच्या डोंगरात सपाट जागा कमी. रस्त्याला लागून, मोठी गाडी उभी राहील अशी सपाट जागा गावात एकच, ती म्हणजे आमचं खळं. मागे भात, त्यामागे डोंगर. फोटोत छान दिसेल, असं रिषभ म्हणाला.

खळं दरवर्षी नव्याने करावं लागतं, हे त्याला ठाऊक नसावं. पावसात त्यावर गवत वाढतं. पाऊस उघडला की ते खरवडायचं, पाणी मारायचं, चोपण्याने चोपून जमीन घट्ट करायची, शेणाने सारवायची, आणि मग त्यावर मळणी. मी पाणी आणायचो आणि चोपायचो. सारवण मात्र हन्नाचं. त्याला ती मला हात लावू देत नसे. यंदा खळ्यावर गुडघाभर गवत होतं आणि मी तिकडे फिरकलोही नव्हतो.

मी रिषभला एकच गोष्ट विचारली. बास्केट कशावर लावणार? तो म्हणाला, खांबावर. खांब म्हटलं की पाया आला आणि पाया म्हटला की खड्डा. हे मला कोणी शिकवायला नको.

आमची वर डोंगराकडे एक पट्टी होती. मी लहान असताना एका खात्याची माणसं आली. गोड बोलली. पाणी अडवायला एक चर खणू द्या, तुमच्याच विहिरीला पाणी वाढेल, म्हणाली. वडिलांनी खणू दिला. पुढल्या वर्षी चराच्या कडेने त्यांनी झाडं लावली. त्याच्या पुढल्या वर्षी ही जमीन खात्याची अशी पाटी लागली. वडील कचेऱ्यांमधून फिरले, तर जो तो विचारी, चर कोणी खणला? तेव्हापासून आमच्या घरात ठरलेलं आहे. दुसऱ्याला आपल्या जमिनीत खणू द्यायचं नाही.

मी रिषभला म्हणालो, खळ्यात एकही खड्डा पडता कामा नये. तो म्हणाला, काका, अजिबात नाही, चाकांचा खांब आणू, खाली वाळूची पोती ठेवू, काम झालं की ढकलत घेऊन जाऊ. लगेच म्हणाला. मला वाटलं होतं, तो हुज्जत घालेल. हुज्जत घातली असती तर मी नाही म्हणून मोकळा झालो असतो. मग मी बघू म्हणालो. ते त्याने हो असं धरलं.

शनिवारी रिबेका घरी आली. मी तिला सगळं सांगितलं. तिने कधी येणार विचारलं नाही, किती जण येणार विचारलं नाही. मग खळं करावं लागेल, एवढंच म्हणाली आणि पातेली घासायला बसली.

हे मला खटकलं. सोमवारी मी काही निमित्त काढून वसतिगृहावर गेलो. तिथे शांतीबाई स्वयंपाक करते. तिच्या पोटात काही राहत नाही. मी भाजी निवडायला तिच्याजवळ बसलो आणि इकडचं तिकडचं बोलत राहिलो. थोड्या वेळाने तिने सांगून टाकलं की रिषभ आधी वसतिगृहावरच आला होता आणि मी नवापूरच्या बाजाराला गेलो होतो त्या दिवशी रिबेकाने त्याला आमचं खळं दाखवून आणलं होतं.

मी रिबेकाला वर्गाबाहेर बोलावलं. आम्ही घरात कोकणी बोलतो, गोव्याची नव्हे, आमच्या डोंगराकडची; मी इथे मराठीत लिहितो आहे.

"तू त्याला खळं दाखवलंस?"

"दाखवलं."

"मला न विचारता?"

"विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हटलं असतं, पप्पा."

"आताही म्हणेन."

"म्हणा. आई असती तर तिने तुम्हाला विचारलंही नसतं. स्वतःच हो म्हणून मोकळी झाली असती."

हे खरं होतं. मुलींना एकदा तरी सपाट जागेवर खेळू दे, असं ती म्हणाली. मी विचारलं, एवढंच ना? तिने वर्गाकडे पाहिलं आणि मुली गोंधळ करताहेत म्हणून आत गेली. मुली गोंधळ करत नव्हत्या. आपल्या पोरीला मी जन्मापासून ओळखतो. ती काहीतरी लपवत होती.

दोन दिवसांनी सकाळी रंजनाबाई फावडं घेऊन खळ्यावर हजर झाली. तिच्याबरोबर बेबीबाई, कमलीबाई आणि आणखी चार-पाच जणी. त्यांनी मला विचारलं नाही. गवत खरवडायला सुरुवात केली. मी फावडं घेऊन गेलो तर रंजनाबाई म्हणाली, "शमुवेल, तू लांबच बस. परदेशातून पाहुणे येणार आहेत. तुझ्या हातचं काम आम्ही पाहिलेलं आहे."

बेबीबाई म्हणाली, "पाणी आणू दे त्याला. तेवढं येतं."

सगळ्या हसल्या. मी पाणी आणलं.

पण माझं मन त्या कामाकडे नव्हतं. हे दिवस ज्याच्या त्याच्या शेतात कामाचे. बेबीबाईचं लवकर पिकणारं हळवं भात कापायला आलेलं होतं. ते सोडून या बायका माझ्या खळ्यावर का राबतात? कोणी त्यांना काही देऊ केलं असेल, तर ते मला का सांगत नाहीत? आणि आणखी एक. एवढ्या बायका दिवसभर बोलत होत्या, नवऱ्यांवर, सुनांवर, पाळकसाहेबांच्या लांबलेल्या उपदेशावर, पण हन्नाचं नाव एकदाही कोणाच्या तोंडून आलं नाही. तिच्या खळ्यावर बसून तिचं नाव नाही. हे आपोआप होत नाही. यांनी आधी ठरवून घेतलेलं होतं.

चोपणं झालं, भेगा बुजवल्या, सारवण झालं. खळं चांगलं झालं होतं. मी ते कबूल करतो.

मग कंपनीचा ट्रक आला. बास्केटचा खांब खरोखरच चाकांचा होता. माणसांनी तो ढकलत कडेला नेला आणि त्याच्या पायावर वाळूची पोती रचली. मी त्यांना चपला काढायला लावल्या. आम्ही ख्रिस्ती, खळ्याची पूजा करत नाही, पण खळ्यात चपला घालत नाही. हे धर्माचं नाही, असं पाळकसाहेब म्हणतात. हन्ना म्हणायची, धर्माचं नसेल, पण खायचं धान्य आहे. त्या माणसांनी चपला काढल्या, टेपने जागा मोजली, आणि पांढऱ्या फक्कीने रेषा मारल्या.

मी ट्रकमध्ये डोकावलो. आत एक पहार होती.

मी रिषभला विचारलं, पहार कशाला? तो म्हणाला, ट्रकमध्ये असतेच, चाक अडकलं तर लागते. मी विचारलं, आणि टेप कशाला? तो म्हणाला, मैदान मोजायला. उद्या पाहुण्यांबरोबर ही माणसं पुन्हा येणार होती. पहारही येणार होती. त्या ट्रकमागे धूळ उडत असताना मला वडिलांचा चर दिसत होता. आधी मोजतात, मग रेषा मारतात, मग खणतात. मोजून झालं होतं. रेषा मारून झाल्या होत्या.

आता मेढेबद्दल सांगतो. खळ्याच्या मधोमध एक लाकडी खुंटा गाडतात, त्याला आम्ही मेढ म्हणतो. मळणीच्या वेळी बैल मेढेला बांधतात आणि ते तिच्याभोवती गोल फिरत भात तुडवतात. आता पुष्कळांनी ट्रॅक्टर फिरवायला सुरुवात केली आहे, पण आमच्या गावात मेढेचा नियम अजून सगळे पाळतात. मेढ गाडली की ते खळं त्या घरच्या धान्याचं झालं. त्या घराला विचारल्याशिवाय त्यावर दुसरं काही करायचं नाही. दुसऱ्याने मेढेला हात लावायचा नाही. ट्रॅक्टरवालासुद्धा मेढ दिसली तर गाडी बाहेरून नेतो.

पाहुणे यायचे त्या दिवशी उजाडताच मी माळ्यावरून मेढ काढली. सादड्याचं जुनं लाकूड आहे. खळ्याच्या बरोबर मध्ये, त्यांच्या पांढऱ्या रेषेवर, मी खड्डा खणला, मेढ उभी केली आणि दगड ठोकून घट्ट बसवली. माझ्या जमिनीत मी खणलं. आता बघू कोण पहार काढतो.

रंजनाबाई शेण टाकायला निघाली होती. ती थांबली, मेढेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता ही भांडेल, एवढं सारवण केलं आणि मध्ये खड्डा पाडला म्हणेल. ती काही न बोलता घाईघाईने घरात गेली. ही बाई गप्प बसली म्हणजे काय, ते मला कळेना.

दहाच्या सुमारास गाड्या आल्या, मागून कालचा ट्रकही आला. पहिल्या गाडीचा ड्रायव्हर शहाद्याकडचा, ब्राह्मणपुरीचा होता. तो उतरून अहिराणीत म्हणाला, "बाबा, हाऊ खुटा काबर गाडेल शे?" मी म्हणालो, मळणीसाठी. त्याने खळ्याकडे पाहिलं, मागे उभ्या असलेल्या भाताकडे पाहिलं, आणि पुढे काही न विचारता विडी पेटवली. शेतकऱ्याचा पोरगा असावा.

रिषभचा चेहरा उतरला होता.

"काका, हे काय केलंत?"

"मेढ गाडली."

"आज? पण तुमचं भात तर अजून शेतात उभं आहे."

"कापेन."

तो बाजूला गेला आणि फोनवर मारवाडीत बोलू लागला. मला वाटलं, पोलिसांना बोलावतो की काय. तो आजोबांशी बोलत होता. उत्तमचंद शेटजींचं वय झालं आहे, पण आवाज मोठा, फोनबाहेर ऐकू येत होता. बोलणं संपल्यावर रिषभ माझ्याजवळ आला. आजोबांनी सांगितलं, कार्यक्रम बुडाला तरी चालेल पण मेढेला कोणी हात लावायचा नाही. मग तो स्वतः ट्रककडे गेला, पहार काढली आणि ड्रायव्हरला म्हणाला, ही तुमच्या गाडीत, सीटखाली ठेवा. मी ते पाहिलं. मला बरं वाटलं आणि लगेच वाटलं, हे मला दाखवण्यासाठी तर केलं नाही?

पाहुणे तीन होते. गाडीतून उतरताना तिघांनाही फार वाकावं लागलं आणि उभे राहिले तेव्हा बेबीबाईने तोंडावर पदर घेतला. त्यांच्याबरोबर एक बाई होती, त्यांची व्यवस्था पाहणारी. ती खळ्याच्या कडेला उभी राहून मेढेकडे बघत राहिली. मी जसा ट्रककडे बघत होतो, तशीच. रिषभने तिला चपलांचं सांगितलं तेव्हा तिने मान हलवली. रिषभने मला सांगितलं ते असं की खेळाडूंचे पाय करारात असतात. अनवाणी खेळता येणार नाही. मध्ये खुंटा असलेल्या जागेवर तर मुळीच नाही. ती असंही विचारत होती की कालच्या फोटोत हा खुंटा नव्हता, आजच का आला, यामागे काही आहे का.

मी म्हणालो, तिला सांग, मीही तेच विचारतोय, पंधरा दिवस झाले.

रिषभने ते सांगितलं नाही, असं मला वाटतं.

तेवढ्यात तिघांतला सगळ्यात तरुण खाली वाकला आणि बुटाची नाडी सोडू लागला. बाई त्याला काहीतरी बोलली. तो थांबला. मुली वसतिगृहाहून चालत आल्या होत्या, रांगेत उभ्या होत्या, अनवाणी, केस घट्ट बांधलेले, आणि सगळ्या त्याच्याच हाताकडे बघत होत्या. त्याने मुलींकडे पाहिलं आणि दुसऱ्या बुटाची नाडी सोडायला घेतली. बाई पुन्हा बोलली, या वेळी जरा हळू.

मी रिषभला विचारलं, ती काय म्हणते? रिषभ म्हणाला, काका, या दोघांची संघातली जागा पक्की आहे. याची नाही. हे सामने मोजत नाहीत ना, ते याच्यासारख्यांसाठीच असतात. याला बघायला. मुंबईत दोन दिवस खेळला, चांगला खेळला म्हणतात. परत गेल्यावर ठरणार, ठेवायचं की घरी पाठवायचं. आता पायात काटा जरी गेला तरी तो गेला. ती त्याला तेच सांगते आहे.

एवढे दिवस मी ज्या गोष्टीमागे काळंबेरं शोधत होतो ती एवढी साधी होती. नव्या बैलाला आम्हीही आधी रिकाम्या औताला जुंपून बघतो.

मी खळ्यावरून चालत त्या मुलापर्यंत गेलो. माझं डोकं त्याच्या छातीला लागत होतं. मी खुणेने सांगितलं, बूट घाल. त्याला कळलं नाही. मी रिषभला म्हणालो, "याला सांग, माझ्या खळ्यात बारीक खडे आहेत. हा कडेला उभा राहील. मुली आत खेळतील. माझ्या खळ्यावर याची जागा जायला नको."

खडे नव्हते. रंजनाबाईने एकही खडा ठेवला नव्हता. तिने मागून ऐकलं आणि ती मोठ्याने खाकरली.

मग सामना झाला तो असा. मुली अनवाणी आत, पाहुणे बूट घालून कडेला. चेंडू बाहेर गेला की ते तिघे तो उचलून आत टाकायचे. मेढेमुळे मुलींची पंचाईत होईल असं मला वाटलं होतं, पण थोड्याच वेळात त्यांनी मेढेलाच खेळात घेतलं. चेंडू घेऊन मेढेच्या आड जायचं, मागची मुलगी अडली की दुसऱ्या बाजूने निघायचं. पाहुण्यांना ते फार आवडलं. एकदा चेंडू थेट माझ्या भातात गेला आणि तो तरुण मुलगा बूट घालून त्यामागे गेला. घोट्यापर्यंत चिखलात रुतला. बाईने डोक्याला हात लावला. तो चेंडू वर धरून हसत बाहेर आला आणि येताना त्याने पडलेलं भात हाताने उभं करून पाहिलं. ते उभं राहिलं नाही. ते पिकून आडवं झालेलं भात होतं. उभं कसं राहणार? त्याने माझ्याकडे पाहिलं. मी दुसरीकडे पाहिलं.

दुपारी ते गेले. खांब ढकलत ट्रकवर चढवला. रिषभने विचारलं, खांब मुलींसाठी इथेच ठेवू का? मी म्हणालो, वसतिगृहावर ठेव, इथे नको. तो हो म्हणाला, आणि या वेळीही लगेच म्हणाला. गाड्या गेल्यावर मी सगळं खळं फिरून पाहिलं. वाळूची पोती होती तिथे हात फिरवून पाहिला, रस्त्याच्या कडेला कुठे पाटी लावली का पाहिलं. काही नव्हतं. फक्कीच्या रेषाही मुलींच्या पायांनी पुसल्या होत्या.

बायका कडेला बसून होत्या. घरी जात नव्हत्या.

रंजनाबाई म्हणाली, "शमुवेल, झालं तुझं काम. पाहुणे गेले. आता मेढ काढून टाक."

"काढतो."

"काढ ना मग."

मी मेढेजवळ गेलो आणि दोन्ही हातांनी ती धरली. सकाळी गाडताना ज्या गोष्टीचा मी विचारच केला नव्हता, ती तेव्हा माझ्या लक्षात आली. दुसऱ्याने मेढेला हात लावायचा नाही, हा अर्धा नियम. उरलेला अर्धा घरच्या माणसासाठी आहे. गाडलेली मेढ रिकामी काढायची नाही. तिच्याभोवती एकदा तरी त्या घरचं धान्य फिरलं पाहिजे. आमच्या गावात आजवर कोणी रिकामी मेढ काढलेली नाही. ज्याचं सगळं पीक किडीने गेलं होतं त्यानेसुद्धा शेजाऱ्याच्या चार पेंढ्या आणून बैल फिरवले होते.

मी हात सोडले. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. सकाळी रंजनाबाई घाईघाईने घरात का गेली होती तेही मला आता कळलं. ती हसू लपवायला गेली होती.

रिबेका मुलींना रांगेत उभं करत होती. ती माझ्याकडे बघत नव्हती. मी तिला हाक मारली आणि विचारलं, हे तुम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं का?

ती म्हणाली, "पप्पा, भात शेतात पडायला लागलं आणि तुम्ही विळासुद्धा काढला नव्हता. आम्ही सांगून पाहिलं. रंजनामावशीने सांगितलं, पाळकांनी सांगितलं. तुम्ही बघू म्हणायचात. मग हा रिषभ मैदान शोधत आला. मला वाटलं, निदान खळं तरी होऊन जाईल."

"आणि माझी जमीन गेली असती तर?"

"कोण नेणार होतं? तुम्ही होतात ना राखायला."

बेबीबाई हसली आणि रंजनाबाईने तिला कोपर मारलं.

दुसऱ्या दिवशी मी विळे दगडावर घासले आणि भात कापायला घेतलं. निम्मं आडवं होतं, त्यातलं काही उगवून आलं होतं, ते गेलंच. उरलं ते कापून वाळल्यावर त्याच्या पेंढ्या बांधून खळ्यावर आणल्या, मेढेभोवती पसरल्या आणि बैल जुंपले. मळणीत एक माणूस सूप घेऊन बैलांच्या मागे चालतं, बैलाने शेण टाकलं की धान्यावर पडण्याआधी झेलायला. ते काम हन्नाचं होतं. तिच्या सुपातून कधी निसटलं नाही. यंदा रिबेका सुटी काढून आली होती. पहिल्या फेरीतच तिचं निसटलं. मी बैल थांबवले, ती जागा साफ केली आणि तिला सांगितलं, बैलाच्या शेपटीकडे बघत चाल, पायांकडे नको. दुसऱ्या फेरीत तिने झेललं. मग मी बैलांना हाकत राहिलो आणि बराच वेळ मागे पाहिलं नाही. मागे चालणाऱ्या पावलांचा आवाज येत होता. मागे पाहिल्यावर ती कोणाची आहेत हे कळणार होतं, म्हणून पाहिलं नाही.

संध्याकाळी उफणायला बसलो तर वारा नव्हता. रिबेका पेंढ्यावर बसली होती. आम्ही दोघं वाऱ्याची वाट बघत होतो.

मी तिला म्हणालो, एक गोष्ट खरी सांग. मी मेढ गाडीन, हेही तुम्ही धरून चालला होतात?

"नाही पप्पा. ते आम्हाला सुचलंच नव्हतं. ते तुमचं तुम्हीच केलंत."

मी तिच्या तोंडाकडे पाहिलं. ती खरं बोलत होती की नाही, मला कळलं नाही. तिची आई असंच तोंड करायची. मग झाडांची पानं हलली, आणि मी उठून टोपली भरून घेतली.